सोफ्याला शोभेल अशी भिंत

आमच्या घरातला सोफा माझ्या सासऱ्यांनी आणला. कुणाला न विचारता आणला, आणि शिरूरपासून आमच्या खुटबाव गावापर्यंत टेम्पोच्या हौद्यात त्याच सोफ्यावर बसून आले. टेम्पो दारात थांबला तेव्हा ते पाय खाली सोडून, एक हात बाजूच्या गादीवर टाकून बसले होते. टेम्पोवाल्यानं मागची फळी पाडली तरी उठले नाहीत. आधी घराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "दार दोन्ही बाजूनं उघड."

सासऱ्यांना मी मामा म्हणते. माझा नवरा त्यांना आबा म्हणतो. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटक, बोलणं मोजकं. शेती फुलांची. शेवंती आणि झेंडू, बांधाच्या कडेनं थोडी भाजी. सासूबाई गेल्यानंतर आम्ही सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्या सोडून गावी राहायला आलो. नवरा आजही तिथल्याच कंपनीत जातो, शिफ्ट असेल तसा. मामांनी आयुष्यात घरासाठी कुठलीही वस्तू विकत घेतली नव्हती. ते खातं आत्यांकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे होतं. मामा खत, रोपं आणि ठिबकच्या नळ्या आणायचे.

झालं होतं असं की शिरूरला माझ्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तिथं मामा सोफ्यावर बसले आणि गुडघ्याला हात न लावता उठले. परत बसले, परत उठले. आमच्याकडे बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक लोखंडी कॉट होती. त्या दोन्हींवरून उठताना मामा पांडुरंगाचं नाव घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे वडील आणि ते, दोघं व्याही मिळून शिरूरच्या बाजारपेठेत गेले आणि सोफा घेऊन टाकला.

सोफा जांभळा होता. फिकट वगैरे नाही, भरताच्या वांग्यासारखा गडद जांभळा, वर मखमलीसारखं कापड. हात फिरवला की एका बाजूनं काळा दिसे, दुसऱ्या बाजूनं जास्तच जांभळा. आमचा हॉल तसा लहान. सोफा ठेवल्यावर हॉलमध्ये सोफा आहे असं न वाटता सोफ्याच्या आजूबाजूला थोडा हॉल शिल्लक आहे असं वाटायला लागलं.

"कसाय?" मामांनी विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले. "रंग जरा गडद आहे."

"तपकिरी घेतला. मळखाऊ."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. पण मामा चेष्टा करत नाहीत. संध्याकाळी नवरा आला, चप्पल काढता काढता थांबला आणि म्हणाला, "आबा, वांगी कलर कुणी सांगितला?"

"डोळं तपास," मामा म्हणाले.

त्यावर बाप-लेकात दोन दिवस अबोला झाला. आमच्याकडे अबोला म्हणजे फार काही नाही, एरवीही ते दोघं पाणी सुटलं का आणि मोटर बंद केली का एवढंच बोलतात. मी शिरूरला वडिलांना फोन लावला. म्हटलं, "आण्णा, तुम्ही सोबत होता ना? तुम्हाला रंग दिसला नाही?"

"दिसला की."

"मग बोलला का नाही?"

"व्याह्यांनी पसंत केला. त्यांच्या घरात मी कसं बोलू?"

"अहो, दुकानात होता तुम्ही."

"सोफा त्यांच्या घरातच जाणार व्हता," आण्णा म्हणाले.

सोफा बदलून आणायची गोष्ट मी एकदा काढली. मामांनी ऐकून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आत्या गेल्यानंतर या माणसानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. जेवायला काय करू म्हटलं तर "काय बी" एवढंच उत्तर. त्यांनी आपण होऊन एक वस्तू घरात आणली होती आणि ती माघारी पाठवायची मला हिंमत झाली नाही. हॉलला रंग द्यायचा तसाही होताच. भिंती पांढऱ्या होत्या आणि कॉटच्या उंचीला डोकं टेकून टेकून तेलकट झाल्या होत्या. तेव्हा सोफा आहे तसा राहू दे, त्याला शोभेल असा भिंतीचा रंग शोधू, असं मी ठरवलं.

ठरवणं सोपं गेलं. रंगाच्या दुकानातून नवऱ्यानं शेडकार्ड आणलं, पत्त्यांसारखं उलगडणारं. मी ते घेऊन सोफ्यापाशी बसायची आणि एकेक पट्टी कापडाला लावून बघायची. पिस्ता लावला की दवाखाना वाटायचा. गुलाबी लावला की लग्नाचा हॉल. करडा बरा दिसत होता, पण नवरा म्हणाला कंपनीतल्या कँटीनच्या भिंती करड्याच आहेत, घरी येऊन पुन्हा तेच नको. शेजारच्या काकू आल्या, त्यांनी जांभळ्याला पोपटी उठून दिसतं असं सांगितलं. त्यांच्या लुगड्याला तेच काठ होते.

मग नवऱ्यानं सणसवाडीहून एक पेंटर आणला. बिहारकडचा माणूस, आमच्या जुन्या खोल्यांच्या शेजारी राहायचा. त्यानं सोफा बघितला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "भाभी, इसके पीछे टेक्स्चर बनता है. चमकी वाला." चमकी नको म्हटल्यावर त्याचा अर्धा उत्साह गेला. तरी त्यानं भिंतीवर सोफ्याच्या वर चार ठिकाणी हातभर रुंदीचे नमुने मारून दिले. एक फिकट जांभळा, एक आकाशी, एक करडा आणि एक बदामी. म्हणाला, दोन दिवस बघा, उजेडात बघा, मग सांगा.

रविवारी सकाळी आम्ही तिघं चहा घेऊन भिंतीसमोर उभे राहिलो. मी मामांना म्हटलं, "तुम्ही सांगा. सोफा तुमचा आहे."

मामांनी चहा संपवला. बराच वेळ बघितलं. मग फिकट जांभळ्याकडे आणि करड्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो एकच कलर दोनदा कशापायी मारला?"

नवरा हसला. मला हसू आलं नाही. मी आकाशीकडे बोट केलं. "आणि हा?"

"ह्यो मातकट. ह्यो नको. पाऊस लागल्यावानी दिसंल."

"मामा, हा आकाशी आहे."

"आसंल."

ते ज्या सहजपणे म्हणाले त्यावरून मला कळलं की हट्ट वगैरे काही नाही. मी स्वयंपाकघरातून डब्याचं एक झाकण आणलं. नवंच होतं, त्यांनी आधी बघितलेलं नव्हतं. गडद निळं झाकण. हातात देऊन विचारलं, हे कुठल्या रंगाचं. मामांनी ते दारापाशी उजेडात नेलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "काळं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "न्हाई का?"

नवऱ्यानं कप खाली ठेवला.

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. संध्याकाळी रस्त्यावर समोरून गाडी आली की तिचा दिवा फुटल्यासारखा पसरतो, म्हणून त्यांनी संध्याकाळचं पारावर जाणं सोडलं होतं. आम्ही समजत होतो आत्या गेल्यामुळं जात नाहीत. पेपर वाचणं बंद केलं होतं, कारण विचारलं की म्हणायचे त्यात काय असतंय. शेतात अडचण नव्हती. झेंडू आणि शेवंती दोन्ही पिवळीच, आणि बाकीचं हाताला माहीत होतं.

"सांगायचं नाही का, आबा?" नवरा म्हणाला.

"म्हातारपणी आसंच आसतं म्हटलं. सगळ्यांनाच आसं दिसत आसंल."

दौंडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांत औषध घालून तपासलं आणि सांगितलं की दोन्हीकडे मोतीबिंदू चांगला पिकलेला आहे. "डोळ्यातली काच पिवळी पडत जाते," त्या म्हणाल्या. "पिवळ्या काचेतून बघितल्यावर निळं-जांभळं नीट कळत नाही. रंगात काही फरक जाणवला होता का घरात?"

"सोफा आणलाय त्यांनी," नवरा म्हणाला. डॉक्टर बाईंना तो विषय पुढं चालवायचं कारण नव्हतं. त्यांनी आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरवलं, डावा नंतर.

ऑपरेशन छोटं होतं. मामा टेबलावर अजिबात हलले नाहीत म्हणून तिथल्या सिस्टरनं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा चष्मा दिला आणि आम्ही घरी आलो. येताना गाडीत ते उजवीकडच्या काचेतून बाहेर बघत होते. वाटेत एकदाच बोलले, "उसाला येवढं पाणी कोन देतंय?" ऊस हिरवागार होता. नवरा म्हणाला, नेहमीएवढंच देतात.

घरी आल्यावर हॉलमध्ये ते उभेच राहिले. चष्मा कपाळावर ढकलला.

"ह्यो कुनाचा?"

"तुमचाच," मी म्हणाले.

"म्या ह्यो घेतला?"

"हो."

ते सोफ्याभोवती फिरले, म्हणजे जेवढं फिरता येतं तेवढं. कापडावर हात फिरवला. हात फिरवताना डोळे मिटले. बहुतेक सोफा तोच आहे का याची हातानं खात्री करत होते. मग म्हणाले, "व्याही संगं हुतं की."

ते बसले. बसल्यावर माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिले. मला वाटलं कपाळाला पीठ लागलंय.

"तू केस रंगवायचं सोडलं का?"

"मी कधी रंगवलेच नाहीत, मामा."

"मग ह्ये पांढरं कवाचं?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. त्यांनी पेला हातात धरून ठेवला.

"म्हंजी तिचंबी झालं हुतं का?"

आत्यांबद्दल विचारत होते. भिंतीवर आत्यांचा जो फोटो आहे तो माझ्या लग्नातला, त्यात केस काळे आहेत. शेवटची काही वर्षं आत्यांचे केस पूर्ण पांढरे झाले होते, आणि त्या काहीच लावत नसत. गावी आले की मीच त्यांची वेणी घालून द्यायची, त्यामुळं मला पक्कं माहीत होतं.

"झाले होते," मी म्हणाले. "सगळेच."

"मला न्हाई दिसलं," मामा म्हणाले. "मला भुरकं वाटत हुतं. उन्हानं झालं आसंल म्हटलं." मग पाणी प्यायले आणि पेला माझ्याकडे दिला. मी स्वयंपाकघरात येऊन उगाच गॅस पुसला. तो सकाळीच पुसला होता.

मला वाटलं होतं आता प्रश्न मिटला. मामांना रंग दिसतो, चार नमुने भिंतीवर आहेत, त्यांनी एकावर बोट ठेवलं की पेंटरला बोलवायचं. पण मामांचा वेगळाच उद्योग सुरू झाला. ते सोफ्यावर बसून एक डोळा हातानं झाकायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघायचे. मग हात बदलून दुसरा डोळा झाकायचे. परत पहिला. जेवताना ताटाकडेही तसंच. एकदा दारात आलेल्या पोस्टमनकडेही तसंच बघितलं आणि पोस्टमन मला म्हणाला, काकांना काही त्रास आहे का.

"काय बघताय?" मी शेवटी विचारलं.

"ह्या डोळ्यानं भिंत पांढरी हाय. फटक. अन् ह्यानं," डावा डोळा दाखवून म्हणाले, "तुपावानी."

"डावा डोळा झाला की दोन्हींनी पांढरी दिसेल."

"व्हय. म्हनून तर."

दोन दिवसांनी नवऱ्याला म्हणाले, पेंटरला बोलव, कलर ठरला. आम्ही दोघांनी विचारलं, कुठला ठरला. चारपैकी एकही नव्हता. डाव्या डोळ्याला भिंत जशी दिसते तसा रंग त्यांना हवा होता. "येवढी वर्सं घर मला आसं दिसत हुतं," ते म्हणाले. "आता एकदम चुना फासल्यावानी झालंय. आपलं वाटंना."

"आबा, तो रंग तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाही," नवरा म्हणाला. "पेंटरला काय सांगायचं?"

"मी सांगतो की. डोळा हाय तवर."

दौंडला डाव्या डोळ्याची तारीख पुढच्याच आठवड्यातली मिळाली होती. मामांनी ती पुढं ढकलायला लावली. मी डॉक्टर बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, काही त्रास आहे का, ताप, खोकला, साखर वाढली का. मी म्हटलं नाही, घरात रंगकाम आहे. त्या म्हणाल्या धूळ टाळायची म्हणून थांबताय तर चांगलंच आहे. मी त्यांचा समज तसाच राहू दिला.

माझी चिडचिड झाली हे खरं आहे. घरात सुईत दोरा ओवता न येणारा माणूस, त्याला एक चांगला डोळा मिळालाय, दुसरा मिळतोय, आणि तो भिंतीसाठी थांबलाय. मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही बोला काहीतरी." नवरा म्हणाला, "बोललो. त्यांनी डावा डोळा झाकून माझ्याकडे बघितलं, म्हणाले तुझं पोट लई सुटलंय." त्यानंतर त्यानं विषय सोडून दिला.

पेंटर रविवारी आला. पांढऱ्या रंगाची बादली आणि रंग मिसळायच्या स्टेनरच्या छोट्या बाटल्या घेऊन आला. त्याला सगळं समजावायला चहा होईपर्यंत वेळ गेला. मामांनी उजवा डोळा झाकायचा आणि डाव्यानं जुन्या पांढऱ्या भिंतीकडे बघायचं. मग डावा झाकून उजव्यानं पेंटरच्या नमुन्याकडे बघायचं. दोन्ही सारखं दिसलं की झालं.

"मतलब बाबा एक आँख से माँगेंगे, दूसरी से पास करेंगे," पेंटर म्हणाला.

"व्हय," मामा म्हणाले. हिंदी त्यांना येत नाही, पण हे कळलं.

पेंटरनं पांढऱ्यात पिवळा घातला, हलवला, भिंतीवर पट्टा मारला. मामा म्हणाले, लई पिवळा, हळदीच्या कार्यक्रमावानी. त्यानं पांढरा वाढवला. मामा म्हणाले, ह्यो दुधाचा झाला, मला तुपाचा पायजे. पेंटरनं एक थेंब तांबडा टाकला. नवरा म्हणाला हा बरा आहे. मामांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. मग थेंबभर काळा. मला वाटलं आता सगळं बिघडलं, पण मामा पहिल्यांदाच पुढं सरकले. "जवळ आला," म्हणाले.

दुपार झाली. मी सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. पेंटर जेवताना मला हळूच म्हणाला, "भाभी, इतना तो पार्टी लोग बंगले में भी नहीं करता." तक्रार नव्हती, माहिती देत होता. जेवण झाल्यावर ऊन सरकलं आणि भिंतीवरचा उजेड बदलला, तर जवळ आलेला रंग परत लांब गेला. मामा म्हणाले, सकाळच्याच उजेडात करू. पेंटर बादली झाकून गेला आणि सोमवारी कामावर खाडा करून परत आला. त्याला का यावंसं वाटलं मला माहीत नाही. बहुतेक त्यालाही बघायचं होतं.

सोमवारी सकाळी मामांनी एक डोळा हातानं झाकला, हात काढला, दुसऱ्या डोळ्यावर धरला. चार-पाच वेळा तसं केलं. मग हात खालीच ठेवला.

"ह्योच."

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. केवड्याच्या कणसातल्या आतल्या पानाचा जो रंग असतो, पिवळा म्हणावा तर पिवळा नाही, पांढरा म्हणावा तर पांढरा नाही, तसा होता. मी इतके दिवस शेडकार्ड घेऊन बसले होते, त्यात हा कुठंच नव्हता. मनात आलं, आत्यांच्या आजारपणात, त्या कॉटवर पडून असायच्या तेव्हा, मामांना ही खोली अशी दिसत होती. आत्यांचे केस भुरके, भिंत तुपाची. मी मामांना तसं विचारलं नाही. ते पेंटरला मोरीकडची भिंत आधी घे म्हणून सांगत होते.

दोन दिवसांत हॉल रंगवून झाला. सोफा जागेवर ढकलला आणि मी दारात उभी राहून बघितलं. जांभळा शांत झाला होता. तोच सोफा, पण आता तो जागा अडवून बसल्यासारखा वाटत नव्हता. शेजारच्या काकू आल्या, त्यांनी सोफ्याला हात लावून बघितला आणि मला विचारलं, "नवीन घेतला का?"

पुढच्या आठवड्यात मामांचा डावा डोळाही झाला. दौंडहून येताना या वेळी ते दोन्ही बाजूंच्या काचांतून बघत होते. घरी आले, चष्मा काढून भिंतीसमोर उभे राहिले. मी त्यांच्या मागं उभी होते.

"बरोबर आहे का?" मी विचारलं.

"आता कसं सांगू," मामा म्हणाले. "ज्याला म्हाईत हुतं त्यो डोळा गेला." त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याचं काही नव्हतं. मग सोफ्यावर टेकत म्हणाले, "पर बसायला बरं वाटतंय."

आता ते संध्याकाळचे पारावर जातात. दिवेलागण झाल्यावर एकटेच रस्त्यानं येतात. सकाळी पेपर मोठ्यानं वाचतात, त्यातल्या जाहिरातीसुद्धा. मध्यंतरी गावातल्या एका घरात रंगकाम निघालं, त्या घरची सून मला आमच्या भिंतीचा शेड नंबर विचारायला आली. मी म्हटलं नंबर नाही, मामांनी तयार करून घेतला. ती म्हणाली, मग मामांना घेऊन या ना आमच्याकडे, आमचा सोफा हिरवा आहे. मी मामांना निरोप दिला. त्यांनी पेपर खाली केला, विचार केला आणि म्हणाले, "त्यांना म्हनावं, तुमच्या घरात सगळ्यात जास्त येळ कोन बसतंय, त्याला इचारा." मग पेपर वर करून पुढची बातमी वाचायला लागले.